बाहेरच्या खोलीतली उशी

लाजायचं वय गेलं माझं, म्हणून सरळ सांगते. गर्भाशयाच्या कॅन्सरला रेडिएशनचे शेक घेतले, त्याला तीन वर्षं झाली. जीव वाचला. पण आमचे हे जवळ आले की मेलं आत सुरी फिरवल्यासारखं दुखायचं, मग मी अंग चोरायची. "तुझं मनच उडालंय माझ्यावरून," असं म्हणून हे उशी उचलायचे आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झोपायचे. हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

यंदा तपासणीला गेले तेव्हा धीर करून सिस्टरला विचारलं. बाई खमकी होती.

"अहो मावशी, शेकांनी आतली वाट आखडते. म्हणून तर वाट मोकळी ठेवणारी नळी दिली होती, रोज थोडा वेळ आत घालून ठेवायला. वापरली नाहीत?"

"कसली नळी? मला नाही कुणी दिली."

तिनं फाईल उलटली. "घरी सोडलं त्या दिवशी तुम्ही उलट्यांनी बेजार होतात. तुमच्या मालकांना सगळं समजावून खोकं त्यांच्या हातात दिलं. ही बघा त्यांची सही."

बाहेर बाकावर हे चहा फुंकत बसले होते. मी समोर उभी राहिले. "ते नळीचं खोकं कुठाय?"

यांनी मान वर केली नाही.



"वाटेतच टाकलं. घरात सून आहे, तिच्या हाती लागलं असतं तर माझी काय अब्रू राहिली असती?"