विचारून सांगतो

आपत्कालीन फोन वाजला तेव्हा तिचा एक हात मेन स्विचवर होता आणि दुसऱ्यात फडकं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत हा फोन वाजला की समजायचं, कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय. कुठे, ते बोर्डावरचा दिवा सांगतो. तिने बोर्डाकडे पाहिलं. लागलेला दिवा याच इमारतीचा होता.

विद्यापीठाचा नियम असा, की एक सत्र वर्गात बसायचं आणि एक सत्र कंपनीत काम करायचं. जबाबदाऱ्या पहिल्याच दिवशी पाठ करून घेतल्या होत्या. विद्यार्थ्याने पुढाकार घ्यावा, ही एक जबाबदारी. मार्गदर्शक शेजारी नसताना कुठल्याही स्विचला हात लावू नये, ही दुसरी. आज तिने पहिली पाळली. पॅनेलवर धूळ होती, ती पुसायला घेतली. आणि पुसण्याआधी स्विच बंद केला. सुरक्षितता म्हणून.

तिने फोन उचलला. वाक्यं घोटलेली होती.

“नमस्कार. घाबरू नका. आमचा तज्ज्ञ माणूस निघाला आहे.”

“तो मीच आहे,” फोनमधून आवाज आला.

साहेब! तिचे मार्गदर्शक. वय फार तर पंचवीस, पण टायमुळे कळत नसे. एरवी लिफ्टची वाट न धरणारा माणूस. ‘जिना बरा, व्यायाम होतो’ म्हणायचे. आज नेमका पाय मुरगळला होता. सत्राच्या शेवटी त्यांनी चांगला शेरा दिला तर ती पास, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरी आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, मुलगी इंजिनियर झाल्यातच जमा. आत्या तर फोनवर विचारायची, “काय लिफ्टवाल्या बाई, आमची कधी सुरू करताय?”

तिने स्विच परत चालू केला. लिफ्ट ढिम्म हलली नाही.

“सर, चूक माझी आहे,” ती म्हणाली. चूक झाली की त्याच दिवशी मार्गदर्शकाला स्वतः सांगायची, ही तिसरी जबाबदारी. “मी मेन स्विच बंद केला. आता चालू केलाय, पण काही होत नाहीये. रीसेट कसा करायचा?”

“थांब. विचारून सांग...”

साहेब मध्येच थांबले. हे त्यांचं नेहमीचं होतं. अवघड काही विचारलं की ‘विचारून सांगतो’ म्हणायचे, बाहेर पॅसेजमध्ये जायचे आणि अचूक उत्तर घेऊन परत यायचे. तिला वाटायचं, मुख्य ऑफिसला फोन लावत असतील.

“तूच जाऊन विचार,” साहेब आता अगदी बारीक आवाजात म्हणाले. “दोन नंबरच्या लिफ्टपाशी.”

“तिथे कोण आहे, सर?”

साहेबांनी फोन ठेवला.

ती पॅसेजमध्ये गेली. दोन नंबरच्या लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती. ती कंपनीत आली त्या दिवसापासून ही पाटी होती, आणि तेव्हाही पाटीच्या दोरीवर कोळ्याने घर केलेलं होतं. या दारावर कपाळ टेकून उभे असलेले साहेब तिने कितीदा तरी पाहिले होते. विचार करत असतील, असं वाटायचं.

तिने दारावर टकटक केलं.

“आज लवकर आलास?” आतून आवाज आला.

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“मी... मी नवीन विद्यार्थिनी.”

“अरे वा. आणि माझा विद्यार्थी कुठाय?”

“कोण विद्यार्थी? इथे फक्त साहेब असतात.”

“साहेब! टाय लावतो वाटतं अजून? अगं, त्याचं सत्र गेल्या वर्षीच संपायचं होतं. माझा शेरा बाकी आहे ना. आत उजेड नाही, लिहिणार कसा?”

तिला आठवलं, साहेब रोज दोन डबे आणायचे. त्यातला एक पुस्तकाइतका चपटा असायचा.

“ते एक नंबरच्या लिफ्टमध्ये अडकलेत,” ती म्हणाली. “माझ्यामुळे.”

“स्विच बंद करून धूळ पुसत होतीस?”

“हो.”

“त्यानेही तेच केलं होतं.”

“मग... मग त्यांनी कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं ना. चूक मार्गदर्शकालाच सांगायची असते. त्याने मला लगेच येऊन सांगितलं. फार जबाबदार मुलगा.”

“सर, रीसेट कसा करायचा तेवढं सांगा. प्लीज.”

“रीसेट सोडून काहीही विचार, बाळ.”

पलीकडे तिच्या टेबलावरचा फोन पुन्हा वाजू लागला. ती हलली नाही. मग दाराच्या फटीतून दोन बोटं बाहेर आली. घासूनपुसून लख्ख केलेला एक रिकामा चपटा डबा त्यांनी तिच्याकडे सरकवला.

“उद्यापासून असे दोन आण.”