गुळगुळीत मोती

सासूबाईंनी माळेतला मोती समोरच्या दातांवर घासला आणि त्या ताडकन उठल्या.

"खरा मोती दाताला खरखरीत लागतो. हा तर काचेसारखा गुळगुळीत! कुणी बदलली माझी माळ?"

कपाटाची किल्ली सुनेकडे असायची. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. नवऱ्याने तर मानच खाली घातली.

"वहिनी, आता तरी खरं बोल!" नणंद कडाडली.

सून शांतपणे सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, सांगू का खरं? परवा आपण दोघीच गुपचूप कुठे गेलो होतो ते?"

सासूबाईंची जीभ परवाच बसवलेल्या कवळीवरून फिरली.

"राहू दे गं," त्या घाईघाईने म्हणाल्या, "मोती खरेच आहेत."