ओट्याची उंची

जुनं घर पाडून बांधलेल्या नव्या घरात भिंतींचा मातकट रंग, विटकरी फरशी, जुन्या तुळयांची कपाटं, सगळं मीच ठरवलं. आईचं मागणं एकच होतं: “ओटा तेवढा माझ्या उंचीचा कर गं, जन्मभर टाचा उंचावून स्वयंपाक केला.” “शेवटी बघू,” मी म्हटलं होतं. महिनाभर थांबलेलं काम आज सुरू झालं. “ताई, आईंना बोलवा,” गवंडी म्हणाला. “ओटा मालकिणीच्या कोपरावरून बांधतात, तुमच्या कागदावरून नाही!” आई गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तो खजील झाला. मग बाबांकडे बघून म्हणाला, “मग काकांच्या मापानं बांधतो. बुटक्या ओट्यावर कंबर मोडेल त्यांची.” “मोडू दे,” बाबा म्हणाले. भिंतीशी उभं राहून त्यांनी तळहात छातीसमोर हवेत आडवा धरला. “इथपर्यंत यायची ती.” गवंड्यानं अंदाजानं खूण केली. बाबांचा हात मात्र तिथंच राहिला.