अंगणावरचा पत्रा

"गोल करा," अंजनीनं मष्णूला सांगितलं.

"सपाट," आई म्हणाली.

मष्णूनं मोजपट्टी सर्रकन आत सोडली आणि मायलेकींकडं आळीपाळीनं बघितलं. उद्यमबागेत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. असली भांडणं त्याला नवी नव्हती, पण ती नवरा-बायकोत व्हायची.

"ठरवा दोघी. पाइप एकदा वाकवला की परत सरळ हुत न्हाय. तवर मी चा पितो."

घरामागचं फरशीचं अंगण आईच्या खोलीला अगदी लागून होतं. पावसाळ्यात झड थेट तिच्या अंथरुणापर्यंत यायची. तिथं छप्पर घालायचं, एवढंच काम अंजनीला आता या घरात उरलेलं दिसत होतं. बाकी सगळं तिनं उरकलं होतं. आप्पा दिवाळीनंतर गेले. त्यांचे चारी यंत्रमाग तिनंच गिऱ्हाईक बघून विकले. वडगावातल्या त्या गल्लीत बाकीच्यांनी आपले माग कधीच मोडीत काढले होते; वाजत होते ते फक्त आप्पांचे.

त्या खडखडाटात आईचा उभा जन्म गेला होता. भिंतीपलीकडं माग, अलीकडं आईचं अंथरूण. आप्पा रात्रपाळीसुद्धा स्वतःच करायचे. घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. अंजनी निपाणीच्या कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पोरं म्हणाली होती, "मॅडम, जरा हळू."

माग टेम्पोत चढले त्या दिवशी तिनं आईचा हात हातात घेतला होता. "झालं आई. आता निवांत झोप." आईनं नुसती मान हलवली होती.

तेव्हापासून दर रविवारी अंजनी निपाणीहून यायची. आईचे डोळे तांबडे, तोंड उतरलेलं. दुःख ओसरायला वेळ लागतो, हे तिनं पुष्कळ पुस्तकांत वाचलं होतं. ती स्वतःही बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडायची. ऐन थंडीतही आई जुना पंखा लावून निजायची. त्याच्या कुरकुरीनं आईचं डोकं उठत असणार, म्हणून अंजनीनं तो काढून बिनआवाजाचा नवा बसवला. आई त्यावरही काही बोलली नाही. बोलली ती आजच.

"सपाटच का पायजे गं तुला?" अंजनीनं विचारलं. "गोलावर पाणी साचत न्हाय, पाला अडकत न्हाय. दिसायबी चांगलं."

"मिरच्या वाळवाय बरं पडतंय सपाट."

"पत्र्यावर चढणार हायस? ह्या गुडघ्यांनी?"

"शेजारची मंगल चढंल की."

"मंगलमावशीला हाताला धरून देवळात न्यावं लागतंय, आई!"

मष्णूला चहाचा ठसका लागला. कप खाली ठेवून तो मोटरसायकलीकडं गेला आणि नमुन्याचे दोन तुकडे घेऊन आला.

"मावशी, आक्का म्हणत्यात ते बराबर हाय. सपाटाला आमी लोखंडी पत्रा टाकतो. आपला पाऊस काय तुमाला सांगाय नको, चार म्हैने हटत न्हाय. डोक्यावर नुसते ताशे वाजतेत. गोलाला जाड शीट, खाली फोम. पाऊस आला का गेला, कळणार न्हाय. ह्ये ऐका."

त्यानं वाकवलेल्या शीटवर पान्यानं टकटक केलं. उशीवर बोट आपटावं तसा आवाज आला. मग त्यानं लोखंडी तुकडा फरशीवर टेकवून उभा धरला.

खट. खट. खट.

आईनं मान वर केली. "परत वाजीव रं."

मष्णू हसला. वाजवू लागला.

"हळू नगं. जरा घाईनं."

खट-खट, खट-खट, खट-खट. मागल्या दारातून आवाज घरात शिरला, आईच्या खोलीतून भिंतीपलीकडच्या मागांच्या रिकाम्या खोलीपर्यंत गेला. आईनं डोळे मिटले. तिचे खांदे सैल पडले. मांडीवरची बोटं त्या तालावर आपोआप हलू लागली.

"बघितलंस नव्हं?" अंजनी म्हणाली. "चार म्हैने ह्यो दणका. झोप लागंल का तुला? मष्णू, गोलच करा."

पाना थांबला. आई दचकली आणि तिनं डोळे उघडले.

"अंजे," ती म्हणाली, "तू ल्हान हुतीस तवाचं आठवतंय? राती करंट गेला की माग थांबायचं. आन् तू लगीच रडत उठायचीस."

अंजनीला आठवलं. अंधार. कानात भरलेली शांतता. आईच्या खांद्यावरून दिसणारा आप्पांचा कंदील. मग भिंतीपलीकडं पहिला माग हलायचा, दुसरा हलायचा, आणि ती पुन्हा कधी झोपली हे तिला कळायचंही नाही.

"व्हय," ती म्हणाली. "माग सुरू झालं की मग निजायची मी."

"तशीच मी उठून बसलीया गं," आई म्हणाली. "तू माग धाडलंस त्या रातीपासनं."

मष्णू अंगणाच्या टोकाला जाऊन उगाचच भिंत मोजू लागला.

अंजनीनं त्यानं खाली ठेवलेला पाना उचलला. लोखंडी तुकडा आईच्या जवळ घेऊन बसली. आधी तिचा हात अडखळला. मग त्याला आप्पांच्या मागाची चाल सापडली, आणि आईचा डोळा लागून मान भिंतीला कलली तरी ती वाजवत राहिली.