आखूड झगा

"हा नको. ह्यात काहीच दिसत नाही," थोरली म्हणाली आणि काळा झगा तिने परत काउंटरवर टाकला.

दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर सारला. "अगं, दिसू नये म्हणूनच बायका काळा नेतात."

"मला दिसायला हवंय. लांबून. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून."

"ताई, हळू. सगळं दुकान ऐकतंय," धाकटी जाऊ स्टुलावरून पुटपुटली. मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली होती.

"ऐकू दे. चोरी करायला आलोय का आपण?"

त्या काळी गरोदरपणात घालायचे असे कपडे तयार मिळणारं गावात हे एकच दुकान होतं. बाकीच्या बायका नवऱ्याचे जुने सदरे घालून दिवस काढायच्या. म्हणून म्हाताऱ्या बाईंचा तोरा फार, आणि भावही.

थोरलीला मात्र काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. कापड सुती, धुऊन विटणार नाही असं. कमरेला नाडी, महिन्यागणिक सैल करता येईल अशी. पुढे बटणं, म्हणजे नंतर पाजतानाही तोच चालेल. बाईंनी लेस लावलेला झगा पुढे केला, तर तिने लेस चिमटीत धरून विचारलं, "ही बाळाला टोचायला लावलीय का भाव चढवायला?"

बाई हसल्या. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून साधा मोरपंखी झगा काढला. पोटावर भरपूर चुण्या होत्या.

"कितवा महिना?"

"पाचवा धरा."

"पहिलंच?"

"आमच्या घरात पहिलंच. सासूबाईंनी आत्ताच पाळण्याला रंग दिलाय."

"अजून काही दिसत नाही बाई तुझं. पण ह्या चुण्यांत नसलेलंही दिसतं. ही उशी बांधून बघ, म्हणजे आठव्या-नवव्यात कसा बसेल ते कळेल."

थोरलीने ती गोल उशी उलटीपालटी केली. शिवण पाहिली, बंद ओढून पाहिले. "शिलाई कारखान्यात बाह्या जोडते मी, ही खोडच लागलीय," ती म्हणाली. झगा घालून ती आरशासमोर उभी राहिली, आणि म्हाताऱ्या बाईंनी जीभ चावली.

"वीतभर आखूड होतोय गं. उंच आहेस तू. थांब, लांब मापाचा काढते."

"राहू द्या. हाच." ती धाकटीकडे वळली. "रंग आवडला का तुला?"

"छान आहे," धाकटी म्हणाली.

"जावेला विचारून रंग घेणारी पहिलीच पाहिली!" बाईंनी झगा कागदात गुंडाळला आणि मग जरा गंभीर झाल्या. "कारखान्यात जातेस म्हणालीस. तिथे सांभाळ हो. एवढं उघडं मिरवू नकोस."

"मिरवायलाच घेतेय."

कारखान्यातल्या सुपरवायझरला सगळ्या जणी फूटपट्टी म्हणत. नुसत्या डोळ्यांनी तो बायकांच्या कमरा मोजायचा. एखादी जाड दिसली की आठवड्यात तिचा हात मंदावल्याची तक्रार व्हायची आणि तिचं मशीन दुसरीला जायचं. गेल्या महिन्यात असे तिघींचे हात मंदावले. त्यांत धाकटीही होती. पण ती नवखी, म्हणून तिचं कुणाला नवल वाटलं नाही.

थोरली तेव्हा थेट मालकीणबाईंच्या खोलीत शिरली होती. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे पोट आलं म्हणून कुणाला काढत नाहीत. तसं माझ्या कानांनी ऐकलं, तर त्या बाईला त्याच दिवशी परत बसवीन."

आता नोकरी राहील तरी, नाहीतर जाईल तरी, असं ठरवूनच थोरली सोमवारी झगा घालून निघाली. धाकटी बरोबर होती. तिची स्वतःची कात्री कारखान्यातच राहिली होती. ती मागायच्या निमित्ताने धाकटी मालकीणबाईंच्या खोलीकडे गेली आणि थोरली हॉलमध्ये शिरली.

तीस मशिनं खडखडत होती. मोरपंखी रंग मधल्या वाटेने पोट पुढे काढून चालत आला. फूटपट्टी टेबलावरून उठला.

"काय हे?"

"झगा. सुती आहे."

"ते दिसतंय. आत काय आहे ते विचारतोय!"

"तुम्हाला काय वाटतं?"

तो जवळ येऊन काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मशिनांत ऐकू येत नाही."

"तुझा हात मंदावलाय!"

"माझा? शनिवारी सगळ्यांत जास्त बाह्या कुणी जोडल्या?"

तो चिडला. मशिनांच्या वर जावा म्हणून त्याने आवाज चढवला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजींनी मशीनच्या पेडलवरून पाय उचलला, मग शेजारणीने, मग साऱ्यांनीच. हॉल एकदम गप्प झाला आणि फूटपट्टीचा आवाज भिंतींवर आपटला.

"हाताला काय चाटायचंय! पोटवाली बाई मला मशीनवर नको म्हणजे नको! तिघींना काढलं, तू चौथी!"

दाराशी मालकीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, हातात कात्री घेतलेली धाकटी.

"ऐकलं मी," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या तिघींना आजच बोलवा. आणि तू बस गं तुझ्या मशीनवर. जपून बस."

"बसते की," थोरली म्हणाली.

तिने झग्याची बटणं सोडली, कारखान्यातल्याच चिंध्या भरून शिवलेली पातळशी उशी पोटावरून काढून फूटपट्टीच्या टेबलावर ठेवली, आणि रोजच्या कपड्यांवरचा तो झगा उतरवून धाकटीला घातला. तिला तो जराही आखूड झाला नाही.