नात्याचा रकाना

"नातं लिहायचं राहिलंय इथं," नर्स फॉर्म पुढे करत म्हणाली. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

लेक उत्तर देणार, तेवढ्यात नर्सची नजर रकान्याच्या वर लिहिलेल्या लेकीच्या नावावर गेली. तिनं नाव वाचलं, मग लेकीचा चेहरा निरखला.

"अगंबाई, त्याच का तुम्ही? रविवारच्या पुरवणीत आईवर लिहिलंत, त्या?"

लेकीनं मान हलवली. एरवी असं कुणी ओळखलं की तिला बरं वाटायचं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर तिच्या शेजारीच तिची आई बसली होती. मोतीबिंदू तपासायचा म्हणून डोळ्यांत थेंब घातले होते आणि अर्धा तास डोळे मिटून ठेवायला सांगितलं होतं. आई सांगितल्याबरहुकूम बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"काय लिहिलंय हो!" नर्स म्हणाली. "ते वेणी कापल्याचं वाचलं आणि माझा घास घशातच अडकला. चौदा वर्षांची पोर! अशी कशी ती आई?" मग तिनं आवाज उतरवला. "जाऊ दे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत."

लेखाची पहिलीच ओळ होती, 'आईला जाऊन चार वर्षं झाली.' तीन महिने लेख अडून बसला होता. जिवंत आईवर लिहिताना हात सुटत नव्हता. ती ओळ सुचली आणि बाकीचं एका बैठकीत उतरलं. लेख आला त्या रविवारी तिनं पुरवणी कपाटात कपड्यांखाली सरकवली होती आणि पेपरवाल्याच्या नावानं खडे फोडले होते.

"आणि या कोण?" नर्सनं पेनाचं टोपण काढलं.

लेकीनं शेजारी पाहिलं. आईचे डोळे मिटलेलेच होते.

"मावशी," लेक म्हणाली.

नर्सनं लिहून घेतलं. "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काही उगीच नाही. कोण येतं हल्ली मावशीबरोबर दवाखान्यात! काय हो मावशी, तुम्ही वाचलात का हिचा लेख?"

लेकीनं श्वास धरला. आईच्या तोंडाचा पट्टा सुटला की कुठलाही दवाखाना त्याला पुरत नसे.

"वाचला की," आई म्हणाली. "शेजारून मागून आणला पेपर. भिंग धरून वाचला. दोन दिवस लागले."

"मग खरंच झालं होतं तसं?"

"झालं होतं. मी होते ना तिथं." आई सावकाश बोलत होती, उसवलेली शिवण बोटांनी चाचपावी तशी. "घरात शिवणकाम चालायचं. कापडाच्या कात्रीनं साधा कागद कापू द्यायची नाही कुणाला, धार जाते म्हणून. आणि तीच कात्री घेतली. दप्तरात कुणा मुलाची चिठ्ठी सापडली, एवढंच निमित्त. दुसऱ्या दिवशी वर्गाचा फोटो होता. तशीच पाठवली पोरीला."

"आणि तुम्ही अडवलं नाहीत?"

आईनं पिशवीचे बंद मुठीत गोळा केले.

"नाही," ती म्हणाली. "अडवायला हवं होतं."

लेक फरशीकडे बघत राहिली. या एका वाक्यासाठी ती अठ्ठावीस वर्षं आईच्या मागे लागली होती. भांडून विचारलं होतं, रडून विचारलं होतं, एकदा तर आई तापानं फणफणलेली असताना विचारलं होतं. दर वेळी उत्तर ठरलेलं, 'मला नाही बाई आठवत असलं काही.' आज आईला सगळं आठवत होतं, चिठ्ठीपासून फोटोपर्यंत. पण ऐकणारी होती एक परकी बाई. तशी सोय लेकीनंच करून ठेवली होती. आता तिला धड रडताही येईना आणि आईचा हातही धरता येईना.

नर्सला मात्र चैन पडेना. "त्यांना कधी वाईट वाटलं का हो नंतर? बोलल्या का पोरीजवळ?"

"बोलली असती कदाचित." आईनं मिटल्या डोळ्यांनीच लेकीकडे मान वळवली. "कधी गेली म्हणायची गं ती? किती वर्षं झाली?"

लेकीची कानशिलं तापली.

"चार," ती कशीबशी म्हणाली.

"चार झाली का!" आई म्हणाली. "दिवस कसे जातात, कळत नाही."

मग आतून बोलावणं आलं. डॉक्टरांनी तपासलं, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. नर्स त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "मावशी, जपून. डोळे तासभर तरी अंधुकच राहतील," म्हणाली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून, "लिहीत राहा हो," असंही म्हणाली.

बाहेर उन्हाची तिरीप जिन्यावर आली होती. आईनं डोळ्यांवर पदर धरला आणि दुसऱ्या हातानं हवेत चाचपडत लेकीचं कोपर शोधलं. दोघी एक पायरी उतरल्या. दुसरी उतरल्या. तिसऱ्या पायरीवर लेक थांबली.

"आई, मी..."

आईची बोटं कोपरावर घट्ट रुतली.

"हळू बोल," ती म्हणाली. "दार लागलं नाही अजून. ऐकेल ती."