चोवीस तारखेच्या आधी

पिशवी १

गव्हाणीत बाळ होतं.

क्रिस्टीना खांद्यावरची पर्सही न काढता टेबलापाशी उभी राहिली. अजून नाताळ लांब होता. व्हिक्टरच्या घरात आजोबांपासूनचा नियम: चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्सेवरून आल्याशिवाय बाळ येशूला ठेवायचं नाही. तोवर गव्हाण रिकामी.

लग्नानंतर नाताळचा गोठा मातीचा राहिला नव्हता. दोघं मिळून तो प्लास्टिकच्या विटांचा बांधायचे, आकडे घातलेली एकेक पिशवी फोडत, दर वर्षी वेगळा. नियम मात्र तोच. बाळ म्हणजे नखाएवढा तुकडा. तो शेजारच्या काड्यापेटीत थांबायचा.

काड्यापेटी उघडी होती.

आत स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर उभा होता. म्हणजे व्हिक्टर दुपारी येऊन गेला. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कामावरून बाळकुमचं घर काही लांब नाही.

त्याने? त्याने ठेवलं?

पिशवी २

मोबाइलमध्ये एक फोटो होता. दत्तक संस्थेकडून आलेला. दीड वर्षाची मुलगी, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. उद्या सकाळपर्यंत होकार गेला नाही, तर ती पुढच्या जोडप्याकडे.

काल दोघं गोठ्याचं छप्पर लावत बसले होते.

"तू सांग," व्हिक्टर म्हणाला.

"नाही, तू सांग."

"तो चॉकलेटी तुकडा दे."

एवढंच. तिला स्वतःलाही कळत नव्हतं. हवी आहे? भीती वाटते? दोन्ही? तो आधी बोलला असता तर तिला कळलं असतं. आणि आता गव्हाणीत बाळ होतं.

पिशवी ३

व्हिक्टरने बूट काढले, टेबलाकडे बघितलं आणि एक बूट हातात तसाच राहिला.

"क्रिस. चोवीसच्या आधी?"

"तुझी आई असती ना, दोघांना घराबाहेर काढलं असतं."

तो हसला. मग हातातला बूट खाली ठेवला.

"नक्की ना?"

"आता काय विचारतोस रे? नक्की."

"मला वाटलेलं तू घाबरलीयेस."

"मला वाटलेलं तू."

मोबाइल तिच्या हातात होता. त्याने तिच्या बोटावर बोट ठेवलं. दाबलं. होकार गेला.

व्हिक्टरने डोंबिवलीला बहिणीला फोन लावला. सेसिलियाचा आवाज फोन कानाला न लावताही ऐकू येत होता.

"अरे गाढवा, दोन दिवस लपवून ठेवलंस? पाळणा मी देणार, सांगून ठेवते! तुझ्या चॉइसवर माझा भरोसा नाही!"

क्रिस्टीना रडत होती आणि हसत होती. नक्की काय, ते तिलाही सांगता आलं नसतं.

उरलेला तुकडा

बेल वाजली. दारात शेजारच्या कांताकाकू.

"ही घ्या तुमची किल्ली, सकाळी व्हिक्टरने दिलेली. दुपारी सिलिंडरवाला आलेला, मीच घेतला ठेवून. अगं बाई, रडतेयस काय? घरात सगळं ठीक ना?"

"ठीक आहे काकू. खूप ठीक आहे."

"मग बरं. आणि हो, रागावू नका हां. तुमचा खेळ बघत होते जरा. एक तुकडा लावायचाच विसरलेलात की, काड्यापेटीत पडलेला. तो पाळणा बिचारा ओकाबोका दिसत होता. म्हटलं, आपणच देऊ ठेवून." काकूंनी मान वाकडी करून टेबलाकडे बघितलं. "बरोबर बसलाय ना?"